एकास चोवीस

आमच्या दिघाशीच्या घरांत माजघराला लागून एक अंधारी कोठी आहे. पूर्वीं तिच्यांत भाताच्या कणग्या असत. कणग्या गेल्या त्याला पुष्कळ वर्षें झालीं. पण जागा मात्र रिकामी राहिली नाहीं. गेल्या वैशाखापासून तेथें पुठ्ठ्याचे तुकडे, पॉलिश कागद, कापावयाचीं पातीं, औषधांच्या बाटल्यांचीं झांकणें आणि तीव्र वासाच्या रंगांच्या डब्या यांनीं ठाण मांडलें आहे. हा सर्व पसारा माझ्या थोरल्या पुतण्याच्या मुलाचा. चिरंजीव आठवींत आहेत, आणि मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृति करून त्या रंगविणें हा त्यांचा उद्योग आहे.

'उद्योग' हा शब्द मी आतां लिहितों. वैशाखांत माझा शब्द 'चाळे' असा होता. उभा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसाची एक खोड असते: मूल हातानें कांहीं करीत बसलें कीं त्याचा अभ्यास बुडतो असें त्याला वाटतें, आणि तेंच मूल पुस्तक पुढें धरून भिंतीवरच्या पालीकडे पाहत राहिलें तर त्याला समाधान वाटतें. त्यांतून आमच्या घरीं तीन पिढ्या एका चुलीवर. रंगाचा वास देवघरापर्यंत येतो, ही सूनबाईंची तक्रार. अंगणांत वाळत घातलेल्या पापडांवर पांढरी भुकटी बसली, ही वहिनींची. निवाडा माझ्याकडे आला, आणि वर्गांतल्या मुलाकडून भोंवरा काढून घ्यावा त्याच आवेशानें मी कोठींत शिरलों.

चिरंजीव जमिनीवर पालथे पडून वहींत आंकडेमोड करीत होते. मला पाहून उठून बसले आणि म्हणाले, "धाकटे आजोबा, दोन हजार तीनशें चाळिसाला चोविसानें भागलं कीं साडेसत्त्याण्णव येतात ना?"

येतात. मीं मनांतल्या मनांत भागून पाहिलें. याच मुलाला दिवाळीच्या सुटींत गुणोत्तर-प्रमाणाचीं उदाहरणें शिकवितांना माझ्या तोंडाला फेंस आला होता.

"हे साडेसत्त्याण्णव कसले?" मीं विचारलें.

"पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. मिलिमीटरमध्यें. आपल्या आजोबांची गाडी करतोय मी."

मी खालीं बसलों. जप्तीचें तेथेंच राहिलें.

पद्मिनी म्हणजे माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असूं, त्यांनीं इ. स. १९८६ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी. दादा भिवंडीच्या कोर्टांत वकिली करीत. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी होई. मूळची ती इटलींतील फियाट; १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत जी शेवटची पद्मिनी उरली होती तीही वीस वर्षांची मुदत संपल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आमची त्याआधींच, दादा गेल्यावर दोन वर्षांनीं, भंगारांत गेली. चिरंजीवांनीं ती पाहिलेलीच नाहीं, दादांनाही नाहीं. हें मला त्या कोठींत बसल्या बसल्या प्रथमच नीट लक्षांत आलें.

ज्या वाचकांच्या घरीं असा कारागीर अद्याप निपजला नाहीं, त्यांच्यासाठीं या प्रमाणाविषयीं थोडें सांगतों. १:२४ म्हणजे खऱ्या वस्तूची चोवीस अंगुळें तेथें प्रतिकृतीचें एक अंगुळ. आंकडा मनास येईल तो घेतलेला नाहीं. इंग्रजी मापांत फुटाला अर्धा इंच घेतला म्हणजे १:२४ होतात, पाव इंच घेतला म्हणजे १:४८. विमानांच्या प्रतिकृति बहुधा १:७२ च्या, म्हणजे सहा फुटांना एक इंच. सर्वांत चमत्कारिक प्रमाण १:४३. इंग्लंडांत हॉर्नबी यांच्या कारखान्यांत खेळण्यांतल्या आगगाड्या फुटाला सात मिलिमीटर या हिशेबानें होत. स्टेशनाबाहेर उभ्या करावयास त्याच अंगाच्या मोटारी हव्यात, म्हणून १९३४ च्या सुमारास 'डिंकी' या नांवानें धातूच्या छोट्या मोटारी निघूं लागल्या, आणि अर्धें माप फुटांत नि अर्धें मिलिमीटरांत असा हा संकर जगभर रूढ झाला. पुढें डिंकीचे जुने सांचे कलकत्त्यास आले आणि तेथें 'निकी' या नांवानें तशाच मोटारी निघाल्या. सात मिलिमीटरांचे निम्मे, साडेतीन, घेतले कीं १:८७ होतात. पुण्यास कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय, जें १ एप्रिल १९९८ पासून लोकांस खुलें झालें, तें या प्रमाणाचें. त्यांतलें गांव, सिग्नल, पूल आणि रस्त्यांवरच्या चिमुकल्या मोटारी एकदां मुलांना दाखवून आणाव्यात. एका मध्यमवर्गीय गृहस्थानें छंदापायीं काय उभें केलें तें कळेल, आणि 'छंदानें पोट भरतें का' असें विचारणाऱ्या आजोबांनाही तेथें चार घटका गप्प बसतां येईल.

आमच्या शास्त्रांना हें प्रमाण परकें नाहीं. मूर्तिशिल्पांत ताल हें माप आहे. बारा अंगुळांचा एक ताल, आणि नवताल मूर्ति म्हणजे एकशें आठ अंगुळांची. तें अंगुळ शिल्पकाराच्या बोटाचेंच असावें असा आग्रह नाहीं. मूर्तीच्या उंचीचेच समभाग करून तें काढतां येतें. म्हणून मूर्ति वीतभर असो कीं दोन पुरुष उंच असो, हनुवटी आणि कपाळ यांचें नातें बदलत नाहीं. चिरंजीवांनीं हें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्यांचं प्रमाण एकास किती होतं?" देवाची मूळ उंची ठाऊक नसल्यामुळें मला उत्तर देतां आलें नाहीं.

खेळण्यांतली गाडी तर आपल्याकडे फार जुनी. अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका शेतकऱ्याला जमिनींत चार कांशाच्या वस्तु सांपडल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा हीं तीन चाकांवर उभीं केलेलीं जनावरें, आणि चौथा दोन बैल जोडलेला रथ, त्यांत उभा सारथि. रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, त्यांत मी पडत नाहीं. परंतु तो रथ ज्यानें ओतला त्यानें खरा रथ डोळे उघडे ठेवून पाहिला होता, एवढें छायाचित्रावरूनही कळतें. आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चें नांवच मुळीं मातीच्या गाडीवरून पडलें. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा तशीच हवी म्हणून रडतो, दासी त्याला मातीची करून देते, आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत भरते. आमच्या मास्तरांनीं हा प्रसंग वात्सल्याचें उदाहरण म्हणून शिकविला, मीही तसाच समजत आलों. त्याच दागिन्यांनीं पुढें न्यायसभेंत चारुदत्ताचा घात होतो, याकडे मीं म्हणावें तसें लक्ष दिलें नव्हतें. लहान मुलाच्या गाडींत मोठ्यांच्या गोष्टी भरल्या कीं त्या कधीं तरी पुराव्यास येतात.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळतों.

परदेशांत हा छंद प्लास्टिकच्या जुळवणीसंचांवर चालतो. इंग्लंडची एअरफिक्स, जपानची तामिया अशा कंपन्या सांच्यांत ओतलेले सुटे भाग पेटींत घालून देतात. ते कापून, घांसून, चिकटवून रंगवावयाचे. ह्या पेट्या आमच्या भिवंडीच्या आसपासच्या अवाढव्य गोदामांत येऊन पडत असतील. पण आमच्या घरापर्यंत त्यांची किंमत पोंचूं देत नाहीं, आणि पोंचली असती तरी चिरंजीवांना हवी असलेली पद्मिनी त्यांना कोठें मिळाली नाहीं. त्यांचे गुरु निराळेच. आपल्याकडे एस्. टी.चे भक्त असलेल्या तरुणांचा एक वर्ग आहे. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला पहिली एस्. टी. सुटली, तेव्हांपासूनच्या नाना तऱ्हेच्या गाड्या हीं मुलें पुठ्ठा आणि सनबोर्ड कापून हुबेहूब उभ्या करतात. खिडक्यांच्या सळ्या, मागची शिडी, आगाराचें नांव, सर्व कांहीं. चिरंजीव त्यांचीं कामें मोबाईलवर पाहून शिकले. दोन मिलिमीटरांचा पुठ्ठा अंगासाठीं, शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद कांचांसाठीं, बॉलपेनच्या रिफिलची नळी आंसासाठीं. छपराची गोलाई पुठ्ठ्यांत येत नाहीं. तेथें एम-सीलचा लेप देऊन, तो वाळल्यावर आधीं भरड आणि मग बारीक पॉलिश कागदानें पाणी लावून घांसावयाचा. पापडांवर पडली ती भुकटी याचीच. घांसण्यास आठ दिवस लागले. सुताराच्या हाताखालीं राहिल्यावांचून जें धैर्य येत नाहीं असें मी समजत असें, तें या मुलाला त्या कोठींत येतांना मीं पाहिलें.

एके दिवशीं त्यांना मीं एक कोडें घातलें. खरी पद्मिनी सुमारें नऊशें किलोची; तर एकास चोवीस प्रमाणाची, त्याच धातूंची केलेली पद्मिनी किती वजनाची? चिरंजीव म्हणाले, साडेसदतीस किलो. मीं म्हटलें, उचलून दाखवा. मग आम्ही दोघे बसलों. लांबी चोविसावा भाग, रुंदी चोविसावा, उंचीही चोविसावा. चोविसाचा घन तेरा हजार आठशें चोवीस. नऊशें किलोला त्यानें भागलें तर पासष्ट ग्रॅम. वाण्याच्या तराजूंत ठेवली तेव्हां पुठ्ठ्याची पद्मिनी अठ्ठावन्न ग्रॅम भरली. घन म्हणजे काय हें मीं मुलांना फळ्यावर किती वेळां सांगितलें असेल! कोणाच्या तोंडावर तसा प्रकाश पडलेला मला आठवत नाहीं.

पण खरी परीक्षा रंगाची. आकार लहान करतां येतो, रंगाचा थर लहान करतां येत नाहीं. खऱ्या मोटारीवर रंगाचे सर्व थर मिळून जाडी मिलिमीटराच्या दहाव्या भागाइतकी असते. ती चोवीसपट कमी केली तर माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याएवढी उरते. उलट ब्रशानें एक हात भरभक्कम फिरविला तर प्रतिकृतीच्या मानानें मोटारीवर मिलिमीटरभर जाडीचा गिलावा बसल्यासारखें होतें. दारांच्या फटी बुजतात, कडा बोथट होतात. म्हणून रंग पातळ करावयाचा, एक हात द्यावयाचा, पूर्ण वाळूं द्यावयाचा, अगदीं बारीक कागदानें हलकेंच घांसावयाचा, पुन्हां द्यावयाचा. आधीं करडें अस्तर द्यावें. तें देतांच जे ओरखडे डोळ्यांना दिसत नव्हते ते वर येतात. चिरंजीवांना अस्तर दिल्यावर रडूं आलें. छपरावर नुसते चरे. पुन्हां घांसण्यापासून सुरुवात.

दुसरा वैरी धूळ. आमच्या बाजूच्या रस्त्यांवर मालमोटारींची रीघ असते. त्यांची धूळ वाळल्या भाताप्रमाणें घरांत येऊन पडते. ओल्या रंगावर तिचा एक कण म्हणजे प्रमाणानें पाहतां बोनेटवर ठेवलेला खडा. तिसरा वैरी पाऊस. फवाऱ्याच्या डब्यांतला लॅकरचा रंग दमट दिवसांत मारला कीं त्यावर पांढुरकी झांक येते. रंगांतला द्रव उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेंतली वाफ त्यावर धरते. श्रावणांत हा अनुभव आम्हीं घेतला आणि कोठीला सर्वपित्रीपर्यंत कुलूप घातलें. येथें गृहिणींसाठीं एक सूचना करतों, ती पाळावीच: हे रंग आणि त्यांचे पातळद्रव्य पेट घेणारें असतें. समई, निरांजन, शेगडी यांच्या आसपास तें काम करूं देऊं नये. खिडकी उघडी असावी, तोंडावर मुखपट्टी असावी, आणि लहान भावंडें दूर असावींत. आमच्या घरीं आतां रंगकाम मागच्या पडवींत, भर दुपारीं होतें. देवघर सुटलें, सूनबाईही संतुष्ट झाल्या.

आतां रंग कोणता द्यावयाचा? पद्मिनी पांढरी होती, असें मी म्हणालों. वहिनी म्हणाल्या, "पांढरी कसली? सायीसारखी होती." पुतण्याला ती फिकट निळी आठवत होती, तो तेव्हां लहान होता, आणि बहुधा कोणाच्या तरी दुसऱ्या गाडींत बसून आलेला होता. छायाचित्रें दोनच, तीं जुनीं, पिवळीं पडलेलीं. चिरंजीवांनीं आमच्या तिघांच्या साक्षी वहींत उतरून घेतल्या. त्यांच्या या वहीविषयीं सांगावयास हवें. गाडीच्या प्रत्येक भागापुढें तीन रकाने: माप, रंग, आणि 'माहिती कोणाकडून'. हा तिसरा रकाना कोणीं शिकविला असें मीं विचारलें तेव्हां म्हणाले, "तुम्हीच. निबंधांत लिहिलेलं कुठून आणलं तें सांगतां आलं पाहिजे, म्हणतां ना?"

मग एके सकाळीं ते फाटकाजवळ उकिडवे बसलेले दिसले. आमच्या फाटकाला काळ्या दगडाचे दोन खांब आहेत. त्यांपैकीं डाव्या खांबावर, आंतल्या अंगाला, एक मळकट पट्टा आहे. त्या जागीं एकदां गाडी घांसली होती. वरचा रंग उन्हापावसानें खडूसारखा झाला होता. मुलानें पाणी लावून बारीक कागदानें तो हळूहळू घांसला, आणि खालून नखाएवढा मूळचा रंग बाहेर आला. सायीचा! वहिनी जिंकल्या. चिरंजीवांनीं तो रंग जुळविला, आणि मग त्यांत मुद्दाम थोडा अधिक पांढरा मिसळला. कारण विचारलें तर म्हणाले कीं प्रतिकृति आपण हातभर अंतरावरून पाहतों. साठ सेंटिमीटर चोवीसपट केले तर जवळजवळ साडेचौदा मीटर होतात, आणि तितक्या लांबची गाडी थोडी फिकीच दिसते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आंखणीला जसा सराईत हात राखून ठेवतात, तसे खिडक्यांभोंवतालच्या चंदेरी कडांना चिरंजीव श्वास रोखून दोन दिवस बसले. अश्विनांत गाडी पुरी झाली, आणि मी खरोखर हरखून गेलों. दादा आतां दार उघडून उतरतील असें वाटलें.

तेव्हां चिरंजीव म्हणाले, "अजून पोंच राहिली आहे."

१९९३ सालच्या मुंजीच्या छायाचित्रांत गाडीची मागची डावी बाजू दिसते. मडगार्डवर ठोकून सरळ केलेली एक पोंच आहे. छायाचित्रांत आहे ती प्रतिकृतींत आली पाहिजे, हा त्यांचा नियम. खांबावरच्या पट्ट्याची जमिनीपासूनची उंची त्यांनीं मोजली होती, चोविसानें भागली होती, आणि वहींत लिहिलें होतें: 'पोंच. मागील डावें मडगार्ड. गाडी मागें घेतांना ड्रायव्हरनें खांबाला लावली.' तिसऱ्या रकान्यांत: 'घरांतील सर्वांकडून.'

ती ड्रायव्हरनें लावली नव्हती. मीं लावली होती.

१९९१ च्या मे महिन्यांतली दुपार. दादा मुंबईस गेलेले, ड्रायव्हर जेवावयास घरीं गेलेला, किल्ली खुंटीवर. मला कोणीं गाडी चालविण्यास शिकविलें नव्हतें, आणि शिकवा म्हणून दादांपाशीं बोलण्याचें धैर्यही नव्हतें. दहा हात पुढें नेली, मागें आणतांना खांबाला घांसली. गाडी जागेवर लावून मी ओटीवर येऊन बसलों आणि पुढ्यांत शाकुंतल उघडलें. संध्याकाळीं दादांनीं ड्रायव्हरला विचारलें. त्यानें "मी नाहीं" एवढेंच एकदां म्हटलें. दादांनीं त्याच्या पगारांतले दीडशें रुपये कापले. त्या काळीं ती रक्कम लहान नव्हती. मी ओटीवरच होतों. सत्य बोलावें म्हणून मुलांकडून सुभाषितें पाठ करून घेणारा मी, एक पान उलटून दुसऱ्यावर गेलों. सहा महिन्यांनीं त्या गृहस्थानें आमची नोकरी सोडली.

इतकीं वर्षें ही गोष्ट मला मुळींच टोंचत नव्हती असें नाहीं. पण फाटकांतून जातां-येतां टोंचे आणि रस्त्याला लागलों कीं विसरे. वहींत तिसऱ्या रकान्यांत लिहिलेली पाहिल्यावर तसें करतां येईना. 'घरांतील सर्वांकडून' यांत मीही आलोंच.

मीं मुलाला सांगितलें. त्यानें कांहीं न बोलतां ओळ खोडली, नवी लिहिली, आणि तिसऱ्या रकान्यांत माझें नांव घातलें. मग पेन टोंचत विचारलें, "आजीला सांगायचं?" रात्रीं जेवणें झाल्यावर वहिनींना मींच सांगितलें. त्या सुपारी कातरीत होत्या. हात थांबला. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "ह्यांनीं त्या माणसाचे दीडशें कापले होते. ते द्यायचे राहिलेत म्हणायचे." एवढेंच. चार दिवस त्या माझ्याशीं कामापुरतेंच बोलल्या.

ड्रायव्हर आतां सत्तरीपलीकडे आहेत. दोन कोसांवर आपल्या मुलाकडे राहतात. पुतण्यानें त्यांना रविवारीं गाडी पाहावयास म्हणून बोलावलें. आले, ओटीवर बसले, चष्मा काढून पुसला आणि पद्मिनी दोन्ही हातांनीं, पाण्यानें भरलेलें भांडें घ्यावें तशी उचलून फिरवून पाहिली. आरसा पाहिला, मागचे दिवे पाहिले. मग मडगार्डवर बोट ठेवून मुलाला म्हणाले, "ही पोंच खालीं झाली, बाळ. चांगली चार बोटं वर होती. मीच ठोकली होती ना ती."

चिरंजीव गोंधळले. माप खांबावरून घेतलें होतें, मोजण्यांत चूक नव्हती. ड्रायव्हरनींच उलगडा केला: दादांच्या मागें अंगणांत मुरूम टाकून जमीन वर उचलली आहे. खांब तेथेंच राहिला, जमीन वर आली.

हें बोलणें संपतांच मीं, वहिनींच्या देखत, जें सांगावयाचें तें सांगितलें. त्यांनीं गाडी अलगद खालीं ठेविली.

"तुम्ही होय?" ते म्हणाले. "मला वाटलं वकीलसाहेबांनीच लावली, आणि घरांत सांगायची चोरी म्हणून माझ्यावर घातली. म्हणून सोडली मी नोकरी."

वहिनी उठून आंत गेल्या. माझ्या खोटेपणाचा भार तीस वर्षांहून अधिक काळ एका बाजूस या माणसानें आणि दुसऱ्या बाजूस माझ्या मृत भावानें वाहिला होता, याची मला कल्पना नव्हती. मीं पाकीट पुढें केलें. मास्तरकीच्या संवयीनें सहा टक्के चक्रवाढ व्याज लावून हिशेब केला होता. रक्कम हजारावर गेली होती. त्यांनीं पाकीट उघडून दीडशें रुपये मोजून घेतले आणि बाकीचें माझ्या मांडीवर ठेविलें. "व्याज नको, गुरुजी," म्हणाले. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांच्यापुढें कप ठेवून समोरच्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनीं ती गाडी खरंच एकदांही मागं घेतली नाहीं हो. त्यांना तेवढं येतच नव्हतं." ड्रायव्हर हंसले, आणि मग वहिनीही.

निघतांना त्यांनीं मुलाला विचारलें, "मॅटॅडोर करशील का रे?" आमची नोकरी सोडल्यावर त्यांनीं कर्जानें एक जुनी मॅटॅडोर घेतली होती, पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची, आणि भिवंडीच्या मागांवरचे कापडाचे तागे तींतून बारा वर्षें वाहिले. गाडी अजून त्यांच्या घरामागें उभी आहे. चाकें काढलेलीं, बाकी जशीच्या तशी.

गेल्या रविवारीं आम्ही तिघे तिचीं मापें घेऊन आलों. ड्रायव्हर काठीनें गवत झोडपीत पुढें, कारण अशा जागीं जनावराचें भय; चिरंजीवांच्या हातांत फीत, आणि माझ्याकडे वही. पुढच्या आणि मागच्या आंसांमधलें अंतर आम्हीं दोनदां मोजलें, दोन्ही वेळां निराळें आलें. डावीकडचें तीन मिलिमीटर अधिक. उजव्या बाजूला चौकट गंजून वांकली आहे, असें ड्रायव्हरांचें म्हणणें. चिरंजीव दोन्ही आंकडे लिहा म्हणाले, आणि मीं दोन्ही लिहिले.